चिंचणीहून आणलेला नेक

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार आहात.

काढा. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गाव बोईसर. माझ्या बहिणीच्या, वर्षाराणीच्या हळदीची संध्याकाळ.

मी इंद्रजीत. आम्ही मूळचे बार्शीकडचे. तारापूर एमआयडीसीत मी फिटर आहे. पंप, बेअरिंग, गळती... सगळी हयात यातच चालली आहे. आमचे वडील, आबा, कंपनीत कामाला होते आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. आबा गेले आणि सॅक्सोफोन कॉटखाली गेला.

वर्षाराणीचं लग्न ठरलं आणि आईनं हट्टच धरला.

"पोरीच्या हळदीला तिच्या बापाचा बाजा वाजला पायजे. मला दुसरं काय बी नको."

वाजवणार माझा धाकटा भाऊ सुजित. आबांच्याच हाताखाली शिकलेला. पण पेटी उघडली आणि आम्ही कपाळाला हात लावला. चामड्याचे पॅड कुरतडलेले. स्प्रिंगा गंजलेल्या. आणि वरची वाकडी नळी असते ना, जिच्या टोकाला तोंड लावून फुंकतात, बँडवाले तिला नेक म्हणतात...

तो नेकच नव्हता.

पॅड पालघरच्या दुकानात मिळाले. स्प्रिंगा मी स्वतः बनवल्या. नेक मात्र काही केल्या मिळेना. ऑनलाइन मागवला, तो बसेना. इतका जुना बाजा, त्या मापाचं आता कोण बनवतं? दुकानदार म्हणाला, "भाऊ, भंगारात घाला."

माझं डोकंच फिरलं. लग्न तोंडावर आलेलं. जेवताना नेक, ड्युटीवर नेक, झोपेतही नेक. बायको म्हणाली, तुम्ही लग्नाचं सामान आणायला जाता की त्या नळीला? मी तिच्यावरही खेकसलो.

शेवटी वाणगावच्या एका बँडवाल्यानं नाव सांगितलं. चिंचणीचा कमलाकांत. त्याचा बाजा अगदी असाच होता. तो वारला, पण बायको आहे. जमना.

"विचारून बघ," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

त्यानं विषयच बदलला.

जमनामावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला नेक घेऊन आली. मी विचारलं, बाकीचा बाजा कुठे आहे?

"भावाकडं, डहानूला. वाजवनारा गेला का नेक काडायचा नि दोन घरांत येगला येगला ठेवायचा. आमच्या बँडची रीत हाय."

"का?"

"माजा नवरा वरातीत वाजवता वाजवताच गेला. सूर लांबवला नि पडला. त्याचा दम पुरा नाय झाला, पोरा. वाजवून झाला का नेक लगेच काड. बाज्यावर ठेवू नको."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

पैसे घेतले नाहीत तिनं. पोरीच्या हळदीला देते म्हणाली.

घरी आणून लावला तर किंचित सैल. बाजूनं हवा फुसफुसत होती. आता मला सांगा, फिटरला गळती सहन होईल? बेअरिंग बसवतो तसाच बसवला. बाज्याचं तोंड जपून तापवलं, नेक बर्फात ठेवला आणि एका दमात आत सरकवला. थंड झाल्यावर असा घट्ट बसला की दोन्ही मिळून एकच वस्तू वाटावी. मी खूश.

काढायचा कसा, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी आतल्या खोलीतून आवाज आला.

टक... टक... टक...

पेटी बंद होती. मला वाटलं उंदीर. झाकण उघडलं. उंदीर नव्हता. बाज्याच्या चाव्या, बोटांनी दाबतात त्या, स्थिर होत्या. फुंकायच्या टोकाला बोट लावलं तर...

ओलं.

"सुजित, वाजवून बघितलास का?"

"नाही दादा. अजून हातही लावला नाही."

मी फडक्यानं पुसलं आणि पेटी लावून टाकली. घरात पाहुणे, मांडवाची गडबड. म्हटलं, गरमीनं घाम धरला असेल.

संध्याकाळी हळद लागली. सुजितनं बाजा गळ्यात अडकवला आणि आबांची नेहमीची चाल धरली. काय गोड वाजवलं पोरानं. आईनं पदर डोळ्यांना लावला. वर्षाराणी हळदीच्या तोंडानं रडत होती, हसतही होती. खोटं कशाला बोलू, माझाही ऊर भरून आला.

मग त्यानं एक सूर लांबवला.

लांबवला...

लोक टाळ्या वाजवू लागले. कुणी तरी शिट्टी मारली. सूर संपेना. मी कौतुकानं पुढे झालो, आणि सुजितचं तोंड पाहिलं.

त्याचे ओठ बाज्याला लागलेलेच नव्हते.

तोंड उघडं होतं. "दादा" म्हणत असावा. आवाज निघत नव्हता. छाती आत आत चाललेली, हळदीखाली चेहरा राखेसारखा झालेला. आणि सूर चालूच होता.

मी बाजा हिसकावला. माझ्या हातातही तो थोडा वेळ वाजला...

मग थांबला.

सुजित मटकन खाली बसला. पाणी दिलं. थोड्या वेळानं म्हणाला, "बरा आहे मी." पाहुणे म्हणाले, बापाच्या वर गेला पोरगा. लग्न पार पडलं. वर्षाराणी सासरी गेली.

मी नेक काढायला बसलो. तेल सोडलं, तापवला, पिळला. तसूभर हलला नाही. शेवटी अख्खा बाजाच पेटीसकट मोटारसायकलला बांधला आणि चिंचणीचा रस्ता धरला. मावशीचे पाय धरणार होतो.

बोईसर मागे टाकलं आणि आईचा फोन आला.

"आरं लवकर ये, सुजितचे डोळे फिरल्यात. काळानिळा पडलाय..."

तसाच गाडी वळवून सुसाट परत आलो. पेटी घेऊन उंबऱ्यात पाय ठेवला आणि सुजित कॉटवर उठून बसला.

"कुठे गेला होतास दादा?"

तेव्हापासून पेटी घराबाहेर गेलेली नाही. सुजित तिला उशाशी घेऊन झोपतो. झाकण लावू देत नाही. का, विचारलं तर म्हणतो, "कोंडल्यासारखं होतं."

गेल्या रविवारी सकाळी मी त्याच्याजवळ बसलो होतो. पेटी उघडी होती. चाव्या सावकाश वर होत होत्या, खाली होत होत्या. टक... टक... मला वाटलं, सुजितच्या श्वासाबरोबर हलतात. खात्री करावी म्हणून म्हटलं, "जरा श्वास धर रे."

तो हसला आणि गप्प पडून राहिला.

चाव्या थांबल्या नाहीत.

मी वाट पाहिली. बरीच पाहिली. मग त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती. नाकाखाली बोट धरलं...

काहीच नाही.

"झालं का तुझं, दादा?" तो म्हणाला. माझा हात छातीवरच होता. बोलतानाही ती हलली नाही.

स्वयंपाकघरातून आईनं चहाला हाक मारली. सुजित उठला, पेटी काखेत मारली आणि आत गेला. मी तिथंच बसून राहिलो.

थोड्या वेळानं आई दारात आली. हळूच म्हणाली, "बरा हाय न्हवं आता माझा सुजित?"

मी म्हटलं, बरा आहे.