टिटवीच्या वर्गातला प्रश्न

“सर, तुमच्या मनात कुणी आहे का हो?”

प्रश्न तिचा नव्हताच मुळी. दर शनिवारी तिच्यासोबत जीपमधून गावात शिकवायला येणाऱ्या मैत्रिणींनी पैज लावली होती... विचारलंस तर वाघीण, नाहीतर शेळी. आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली, एकवीस वर्षांची ही बाई काही शेळी व्हायला तयार नव्हती.

गावातल्या मुलींचा वर्ग एका जुन्या गोदामात भरायचा. गणिताचा सर त्याच्या भिंतीवर काळा रंग फासत होता. तोच त्यांचा फळा. सर तिच्याहून वर्षभराने मोठा, नोकरी शोधता शोधता बिनपगारी शिकवणारा. त्याचा ब्रश थांबला. कान लाल झाले.

“आहे की,” तो भिंतीलाच म्हणाला. “पण ती फार बोलते.”

“मग गप्प करा तिला.”

“छे... मग दिवस कसा जायचा?”

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मुलीही हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली ती टिटवी. चौदा वर्षांची पोर; धडा वाचायला लागली की पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव. तिला नर्स व्हायचं होतं.

टिटवीने घरी जाऊन सगळं नकलेसकट करून दाखवलं. घरात कुणी हसलं नाही.

पुढच्या शनिवारी गोदामात चटया होत्या, पोरी नव्हत्या. दोघी धाकट्या आल्या, त्याही उंबऱ्यातूनच सांगायला, की आई म्हणते आता नको. मग ती आणि सर घरोघर फिरले. दारं अर्धीच उघडत होती. कुणी म्हणे घरात काम आहे, कुणी म्हणे पोरीला बरं नाही. कारणं वेगळी, नजर मात्र सगळ्यांची सारखी.

टिटवीच्या आईने तर मान वरच केली नाही. वडील बोलले, तेही आवाज न चढवता.

“तुमची थट्टा होते, बाई. अब्रू आमच्या पोरींची जाते.”

टिटवीला मामाच्या गावी नेऊन उजवून टाकलं होतं. आठवडाही लागला नव्हता.

सर कायद्याचं बोलला. वडील म्हणाले, जा, सांगा कुणाला सांगायचं ते. दोघं तसेच पोलिसांकडे गेले. तक्रार लिहून घेतली गेली. पण पोर कुठल्या घरात दिलीय, हे गावात एकालाही आठवेना.

जीपची वाट बघत दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. पाऊस भुरभुरत होता आणि समोरच्या ओट्यावरून चार डोळे रोखलेले होते.

“त्या दिवशी हसत सांगितलं,” तो हळूच म्हणाला, “पण खरं तेच आहे.”

तिला ते ठाऊक होतं. तरी ऐकून गोड वाटलं... आणि लगेच त्या गोडाचीच तिला लाज वाटली.

“आपल्यातल्या एकाने इथून जायला हवं,” तो म्हणाला. “आया बाईमाणसावर विश्वास ठेवतील. मी जातो.”

“आणि मी?”

“तुम्ही दारं वाजवत राहा.”

त्याने गोदामाची किल्ली तिच्या तळहातावर वरूनच सोडली. बोटाला बोट लागू दिलं नाही. एवढ्या जवळून कुणी तिला कधी सांभाळलं नव्हतं.

घरी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा चष्मा पुसत बसले होते. ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“परीक्षा झाली की मी त्या गावात राहायला जाणार. तिथल्या सुईणबाईंनी एक खोली देऊ केलीय. एकेक पोर वर्गात परत आणायचीय. आणि आधी टिटवीला शोधायचंय.”

बाबा म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं. आईने मात्र वेगळंच विचारलं.

“मुलगा आहे का कुणी?”

“आहे. लग्न करीन तर त्याच्याशीच. पण हे झाल्यावर.”

“आणि तोवर तो थांबेल?”

“थांबला तर माझा,” ती म्हणाली. “नाही थांबला... तरी मी जाणार आहे, आई.”