भंडाऱ्यातली गारगोटी

अक्षता गारगोटी उचलायला वाकली आणि नेमकी तेव्हाच तिच्यावर सावली पडली.

"काय हुडकताय बाई? गुप्तधन?"

तिने दचकून वर पाहिलं. खांद्यावर घोंगडं, कपाळावर पिवळाधमक भंडारा आणि मिशीआडून हसणारा एक तरुण. मागे त्याची मेंढरं.

"दगड. कराडच्या कॉलेजातून आलेय," ती म्हणाली.

"दगडासाठी कराडासनं आटपाडीच्या माळावर? तिकडं दगड संपलं व्हय?"

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. अनोळख्याला लगेच हसून दाखवायची तिची रीत नव्हती. तिला एम. ए.चा प्रबंध लिहायचा होता. लोखंड-तांबं ठाऊक नसलेल्या काळात माणसं गारगोटीची पाती आणि बाणांची टोकं घडवायची. तसली इथे सापडतात का, ते पाहायला ती आली होती. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. त्या तरुणाने, मल्हारने, तितकंच नीट ऐकून घेतलं, आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

गावाने तरी कुठे ठेवला होता! मोबाइल नसलेला काळ, कॉलेजातली एकटी पोर, आणि दिवसभर खाली मान घालून माळ तुडवते? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. अंगणवाडीच्या चंद्राबाईंनी तिला ठेवून घेतलं खरं, पण दुधाचा पेला देतानाही त्या तिच्या पिशवीकडे बघत. शेवटी सरपंच आप्पासाहेबांनी मल्हारला सांगितलं, "तुजी मेंढरं तिथंच चरत्यात. ध्यान ठेव रं." मल्हार पोलीसभरतीची तयारी करत होता. हे काम त्याने फारच मनावर घेतलं.

"भरती व्हायच्या आधीच पाळत?" एकदा तिने विचारलं.

"सराव नको?" त्याने ओंजळभर बोरं पुढे केली.

"आधी तुम्ही खा."

"आवं, इख न्हाई घातलं..."

"खा म्हणते ना."

त्याने एक बोर खाल्लं, बी थुंकली, क्षणभर डोळे मिटले. "जित्ता हाय अजून. आता तरी?"

बोरं गोड होती. मल्हारही गोड होता, पण ते तिने स्वतःलासुद्धा इतक्यात सांगितलं नाही.

माळ मात्र रिकामाच निघाला. "शनिवारी सर जीप घेऊन येणार," एका दुपारी ती हिरमुसून म्हणाली. "तोवर काही मिळालं नाही तर गाशा गुंडाळायचा. प्रबंधाचा विषयही गेला."

मल्हारने त्या दिवशी मेंढरं लवकरच घराकडे वळवली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर बाणाचं टोक पडलेलं! नखाएवढं, दोन्ही कडांनी बारीक टवके काढलेलं. ती आनंदाने नाचायचीच बाकी होती. पुढच्या सकाळी आणखी एक... मग आणखी. मग मात्र तिचं मन कुरतडू लागलं. काल ही जागा आपण पाहिली होती ना? आणि दगड दिसले रे दिसले की हा मेंढरांकडे का बघतो?

शुक्रवारी संध्याकाळी तिने नवं टोक अंगठ्याने पुसलं. अंगठा पिवळा झाला. तिने वास घेतला. हळद... भंडारा!

"हे तुम्ही ठेवलंत," ती म्हणाली. पिवळा अंगठा तिने त्याच्यापुढे धरला.

"व्हय."

"का? दगडाला किंमत नसते हो, तो जिथे सापडतो त्या जागेला असते! उद्या मी सरांना हे दाखवलं असतं. मला खोटारडी ठरवलं असतं सगळ्यांनी!"

"मला वाटलं, दगडच पायजेत तुमास्नी." तो खाली बघत राहिला. "तुमी जाऊ नये... एवढंच मनात हुतं."

संताप तर आला होताच. पण त्याच्याही वर काहीतरी उसळून आलं.

"हे दगड कुठे सापडले होते?" तिने विचारलं.

"ते मला ठावं न्हाई. आईला ठावं. चला घरी."

त्याची आई, सुलाबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मल्हारने चोरी कबूल केली तशा त्या उठल्या आणि देवापुढची भंडाऱ्याची पिशवी त्यांनी उराशी धरली. "आमच्या घरच्या बायका मेंढरामागं हिंडताना असली गार घावली की बिरोबाच्या भंडाऱ्यात ठेवत्यात," त्या म्हणाल्या. "कुठं घावली, ते फकस्त सुनंला सांगायचं. पोटच्या पोराला बी न्हाई."

मल्हार कानापर्यंत लाल झाला. अक्षताने त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिने हसू दाबलं नाही.

सुलाबाईंचे डोळे बारीक झाले. "पोरी, जागंसाठी हो म्हणशील आन् उद्या जीपमदी बसून जाशील. तसं न्हवं ना?"

प्रश्न रास्त होता. अक्षताने आपल्या पिशवीतली सगळी टोकं काढली आणि एकेक करून सुलाबाईंच्या भंडाऱ्यात परत ठेवली.

"जागा सांगूच नका," ती म्हणाली. "सरांना सांगेन, माळावर काही नाही. विषय गेला तर जाऊ दे. पण मी... मी तरीही हो म्हणतेय."

मल्हारने चुलीला टेकायला हात मागे नेला आणि चटका बसून ओरडला. सुलाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी चिमूटभर भंडारा घेऊन अक्षताच्या कपाळाला लावला, भाकरी परतली आणि म्हणाल्या,

"सकाळी लवकर ऊठ. गारा घावल्या त्यो वढा लय लांब हाय. आन् तुज्या सरास्नी सांग, जीप गावातच ठेवा म्हणावं. चालत जायचंय."