तिला दुसरा आवाज खपत नाही

पटो न पटो, हे घडलंय.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. आणि मला ते सांगितलं माझ्या भावोजींनी. हा माणूस कधी पदरचं घालून बोलत नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. सुरुवात झाली ती चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या खोलीत.

भावोजी दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्यातून साचे येतात, हे त्यात दात बसवून परत पाठवतात. दिवसभर लोकांच्या जबड्यांत डोकं घालून बसायचं, त्यामुळे स्वतःचं तोंड उघडायला वेळच नसतो, असं ताई म्हणते. एकच वेड. गाण्यांच्या रेकॉर्ड.

दर रविवारी तिघं जमायचे. एक भावोजी. दुसरा दुकानाचा मालक, त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. सगळे त्याला चष्म्याच म्हणतात. तिसरे कुलूपकाका. कुलपं दुरुस्त करणारे, वयस्क, बिनलग्नाचे. आठवड्यात जी रेकॉर्ड घेतली असेल ती आणायची, लावायची आणि बाकीच्यांनी बेधडक मत द्यायचं.

त्या रविवारी भावोजींनी चार बहिणींचा अल्बम आणला होता. चौघी एकत्र गातात, मागे हलकं व्हायोलिन. महिनाभर शोधून मिळवलेला.

"पहिली बाजू सोनं," कुलूपकाका म्हणाले. "दुसरी बाजू पितळ."

"मला आवडली," चष्म्या म्हणाला. "पण धाकटीला पुढे येऊ देत नाहीत. बिचारी मागेच राहते."

भावोजींच्या पोटात दुखलं. चष्म्याचं हे नेहमीचंच. दुसऱ्याच्या वस्तूत नेमकी खोट काढायची, आणि मग आपली अशी काढायची की सगळ्यांचे डोळे विस्फारावेत. नशीब तरी किती द्यायचं एका माणसाला? भंगारवाल्याकडे गेला तरी याच्या हाताला हिरा लागतो.

"बरं, तुझी दाखव," भावोजी म्हणाले.

चष्म्यानं कपाटातून एक रेकॉर्ड काढली. कोरं पांढरं कव्हर. मधल्या चकतीवरही अक्षर नाही.

"कोण गायलंय?"

"माहीत नाही."

सुई टेकली. थोडी खरखर झाली आणि...

एका बाईचा आवाज.

वाद्य नाही. ताल नाही. नुसता आवाज. कुणीतरी खोलीतच, पाठमोरं बसून गात असल्यासारखा.

कुलूपकाकांच्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यभर जे शोधत होतो ते हेच, असं भावोजींना वाटलं. आणि ते चष्म्याकडे होतं.

गाणं संपलं. दोघं भावोजींकडे बघत होते.

"ठीक आहे," भावोजी म्हणाले. "पण वर जाताना सूर ढळतो."

चष्म्याचा चेहरा एकदम पडला.

"असं बोलू नकोस," तो कुजबुजला. "तिच्यासमोर नको."

भावोजी आणि काका हसले. चष्म्या हसला नाही.

रेकॉर्ड अजून फिरत होती. पुढचं गाणं लागायला हवं होतं. लागलं नाही. नुसती खरखर...

मग तेच गाणं पुन्हा सुरू झालं.

सुई कोणी उचलली नव्हती. सगळे जागेवर बसले होते.

वर जाताना या वेळी सूर ढळला नाही.

निघताना चष्म्यानं ती रेकॉर्ड भावोजींच्या हातात दिली.

"घेऊन जा. तुला हवी आहे ना?"

"फुकट?"

"घेऊन जा रे बाबा."

दुकानाबाहेर कुलूपकाकांनी त्यांना गाठलं. "ऐकून झाली की मला द्याल? मी एकटा माणूस. घराला जरा सोबत होईल."

"बघू," भावोजी म्हणाले. द्यायचा विचार त्यांच्या मनातही नव्हता.

ताई घरी कपडे शिवते. मशीन चालवताना गुणगुणत असते. लहानपणापासूनची सवय, झोप सोडली तर कधी सुटली नाही. भावोजींनी रेकॉर्ड लावली तेव्हा ती बाहेर आली.

"ही कोण?"

"माहीत नाही. गप्प बस, ऐकू दे."

"एवढं काय तोंड उघडं टाकून ऐकताय? मी गाते तेव्हा तर पेपर वाचता."

चिडवलंच होतं तिनं. पण आत जाताना दार जरा जोरात लागलं.

दोन दिवसांनी भावोजींनी चार बहिणींचा अल्बम लावला आणि दचकले.

तिघीच गात होत्या.

धाकटीचा आवाज नव्हता. त्यांनी सुई पुसली. रेकॉर्ड पुसली. पुन्हा लावली.

तिघीच.

दुसऱ्या दिवशी दोघी. मग एक. मग नुसतं व्हायोलिन... जिथे गाणं असायचं तिथे मोकळी जागा सोडून वाजणारं.

त्यांनी कपाट रिकामं केलं. एकेक अल्बम लावून पाहिला. पुरुषांचे आवाज जसेच्या तसे होते. बाई मात्र एकाही रेकॉर्डवर उरली नव्हती.

फक्त ती होती. तिचा आवाज रोज जास्त स्वच्छ येत होता. खरखरसुद्धा गेली होती.

भावोजींनी घाबरायला हवं होतं. थोडे घाबरलेही. पण त्यांनी मला खरं सांगितलं, "मला वाटलं, ही माझ्यासाठी जळतेय. चष्म्यासाठी हिनं एवढं केलं असेल का?"

त्या संध्याकाळी ते कामावरून आले. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. खट् खट् खट्...

काहीतरी कमी होतं.

काय, ते पटकन कळेना. दारात उभे राहून ते ऐकत राहिले.

ताई गुणगुणत नव्हती.

त्यांनी हाक मारली. तिनं मान वर केली, तोंड उघडलं, ओठ हलले.

आवाज नाही.

घोगरा नाही, बसलेला नाही. नाहीच.

डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, सगळं ठीक आहे, विश्रांती घ्या. त्याच काळात मला ताईचा फोन आला होता. मी दहा वेळा "ताई? अगं ताई?" केलं. पलीकडे फक्त श्वास. मी वैतागून फोन ठेवला.

घरात अळीमिळी गुपचिळी. आणि बाहेरच्या खोलीत ती बाई गातेय.

शेवटी ताईनं भावोजींना मशीनपाशी ओढत नेलं. खाली काळं कापड पसरलं होतं. खुणा करायच्या खडूनं तिनं त्यावर लिहिलं होतं...

"ती की मी?"

भावोजी तडक चष्म्याच्या घरी गेले. दार चष्म्याच्या बायकोनं उघडलं. "या ना भाऊजी, किती दिवसांनी!" तिचा आवाज खणखणीत होता. मागून त्यांची लहान मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती.

ती चहा ठेवायला आत गेल्यावर भावोजींनी चष्म्याची कॉलर धरली.

"तुला माहीत होतं."

चष्म्यानं मान खाली घातली. "हिचा आवाज गेला होता. तू रेकॉर्ड नेलीस, त्याच संध्याकाळी परत आला. तूही देऊन टाक. ज्याला मनापासून हवी असेल त्यालाच दे. मी फेकून पाहिली होती, परत कपाटात होती."

"बायकोचा आवाज गेला तेव्हाच का नाही दिलीस?"

चष्म्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"नाही देववली," तो म्हणाला. "पोरगी बोलेनाशी झाली तेव्हा दिली."

भावोजी घरी आले. ताईला सगळं सांगितलं. म्हणाले, "उद्या देतो कुलूपकाकांना. त्यांच्या घरी बाईमाणूस नाही."

उद्याचा परवा झाला. परवाचा पुढचा आठवडा.

रोज म्हणायचे, आज शेवटचं ऐकतो.

एका सकाळी ते कामावर गेले आणि ताईनं रेकॉर्ड पिशवीत घातली. चालत कुलूपकाकांच्या दुकानी गेली, पिशवी त्यांच्या हातात ठेवली. काकांनी आत डोकावून पाहिलं. काही विचारलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकान बंद केलं आणि घराकडे पळाले.

परतताना रस्त्यात एक छोटी मुलगी हातगाडीच्या पुढ्यात आली.

"अगं, बाजूला हो!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताई स्वतःच्याच गळ्यावर हात ठेवून रस्त्यातच रडायला लागली.

संध्याकाळी भावोजी आले.

"ऐकलंत का, मी बोलतेय!" ताई म्हणाली.

ते तिच्याकडे बघत नव्हते. कपाटाकडे बघत होते.

"कुठेय ती?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

ते तसेच उलट्या पावली कुलूपकाकांकडे गेले. दाराला आतून कडी. खिडक्या बंद. आतून गाणं येत होतं. प्लेअरची घरघर नाही, सुईची खरखर नाही. नुसतं गाणं.

भावोजींनी दार वाजवलं.

गाणं थांबलं.

मग काकांचा आवाज आला. अगदी लाडात, समजूत काढल्यासारखा...

"कोणी नाही गं. कोणी नाही. तू गा."

रविवारची बैठक त्यानंतर मोडली. कुलूपकाकांचं दुकान बंदच आहे. काका बाहेर दिसत नाहीत. भावोजींच्या रेकॉर्डवर बायकांचे आवाज परतलेत, पण ते लावत नाहीत.

गेल्या महिन्यात ताई मला म्हणाली, "हल्ली उशिरा येतात. मी विचारत नाही."

"का विचारत नाहीस?"

"खरं सांगितलं तर?"

मला राहवलं नाही. मी कुलूपकाकांच्या गल्लीत गेले. ऊन होतं, माणसांची ये-जा होती. बंद खिडकीखाली भावोजी उभे होते. समोरच्या भिंतीला टेकून चष्म्या. एकमेकांकडे बघतही नव्हते. दोघांच्या चेहऱ्यांवर असा जळफळाट की तिसरं कोणी मध्ये गेलं असतं तर भाजलं असतं.

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त रस्त्याचे आवाज.

पण त्या दोघांच्या माना हलत होत्या. एकाच तालावर.

"भावोजी," मी हाक मारली.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आणि दोघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

मी ताईला हे सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी घरात एकटी असले की मध्येच उगाच मोठ्यानं बोलते.

आवाज आहे ना, एवढंच बघायला.