उठू न देणारी खुर्ची

चंद्रावरच्या 'विसावा' वसाहतीत शलाकाने पाऊल टाकलं, तेव्हा तिला आधी जाणवली ती शांतता. समोरच्या भल्यामोठ्या दालनात कितीतरी म्हातारी माणसं बसली होती, पण एकाचीही हालचाल नव्हती. काचेच्या छतावर दुपारचं ऊन होतं. चंद्रावरची दुपार पृथ्वीवरच्या कित्येक दिवसांएवढी लांब असते, त्यामुळे ते ऊनही जागचं हलत नव्हतं. दाराशी चपलांची रांग होती. शलाकाने सहज एक चप्पल उलटून पाहिली. तळ कोरा करकरीत होता.

शलाकाची आजी म्हणजे डॉ. अर्चना तळेकर, चंद्राच्या मातीत टोमॅटो पिकवणारी शास्त्रज्ञ. तीन वर्षांपूर्वी इथे येण्याआधी ती शलाकाला पाठीवर घेऊन जिना चढायची. आता ती खुर्चीत इवलीशी झाली होती आणि तिची मनगटं काड्यांसारखी दिसत होती.

"वय झालं गं," आजी म्हणाली.

पण तीन वर्षांत माणूस वीस वर्षांनी कसा म्हातारा होईल? शलाकाच्या डोक्यात हा किडा वळवळायला लागला.

आई आणि शलाका आजीला घरी न्यायला आल्या होत्या. पण वसाहतीच्या डॉक्टरांचा नियम कडक होता. खुर्चीतून आपणहून उठून दालन ओलांडता आलं, तरच परतीच्या यानात जागा. चंद्रावर आपलं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या भागाएवढंच भरतं. इथेच ज्याला उभं राहता येत नाही, त्याचं पृथ्वीवर उतरताच हाड मोडायचं. यान चार दिवसांनी निघणार होतं. आई कचेरीत परवाने आणायला गेली होती आणि आजी काही उठेल असं दिसत नव्हतं.

आजीने पाण्याच्या भांड्याकडे हात नेला. ती जराशी पुढे झुकली, तोच खुर्चीतून एक मऊ हात निघाला, तिच्या खांद्यावर अलगद टेकला आणि आवाज आला, "आई, तू बस गं. मी देते ना."

शलाकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो तिच्या आईचा आवाज होता. आई तर कचेरीत होती!

"घाबरू नकोस," आजी म्हणाली. "ही सेवक खुर्ची (माणसाला काय हवं ते ओळखून पुढे करणारं यंत्र). आपलं माणूस जवळ आहे असं वाटावं म्हणून सगळ्यांच्या घरून आवाज मागवले. मोठ्यांशी कसं वागायचं, तेही घरच्यांनीच शिकवलं. ती ऐकतेही फक्त घरच्यांचं."

आता शलाकाला दालनभर चाललेली कुजबुज ऐकू यायला लागली. कुणी जरा चुळबुळ केली की त्याच्या खुर्चीतून मायेचा स्वर उमटायचा. "बाबा, तुम्ही नका उठू." "काकू, बसा हो, आम्ही आहोत ना." लेकी, सुना, मुलगे सगळे बोलत होते आणि त्यांतलं तिथे कुणीच नव्हतं. शलाकाला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात धप धप पावलं वाजली. अंगात जाडजूड जाकीट घातलेले एक आजोबा पाण्याची कळशी घेऊन आले. ते वसाहतीत आजीच्या शेजारी राहणारे जगताप आजोबा होते.

"आमच्याकडे कोण बघतंय!" त्यांनी आल्या आल्या तोंड सोडलं. "माझी खुर्ची पहिल्या दिवसापासून बिघडलेली. तक्रारी करून तोंड दुखलं. पाणी आपलं आपण आणा, अंथरूण आपलं आपण घाला!"

"आणि हे जाकीट?" शलाकाने विचारलं.

"यात शिशाच्या पट्ट्या आहेत. अंगावर वजन राहावं म्हणून सुरुवातीला सगळ्यांना अशी जाकिटं दिली होती. खुर्च्या आल्या आणि सगळ्यांनी काढून टाकली. मी नाही काढलं बुवा. खिसे झकास आहेत, बडीशेप राहते."

ते धप धप करत निघून गेले. "आजी, हे तुझ्याहून लहान आहेत का गं?"

"छे! चांगले पाच वर्षांनी मोठे..." आजी बोलता बोलता थांबली. खूप दिवसांनी तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली होती.

"शलाका, माझ्या काचघरात पहिल्या वर्षी टोमॅटोची रोपं भराभर वाढली आणि लोळली. खत, पाणी, उजेड, सगळं होतं. काय नव्हतं सांग?"

शलाकाने विचार केला. "वारा?"

"बरोबर! वाऱ्याने हललं की खोड जाड होतं. मी पंखे लावले, तेव्हा रोपं उभी राहिली. रोपांना वारा दिला आणि स्वतः मात्र बसून राहिले, वेडी कुठली!"

"पण माणसाला खोड कुठे असतं?"

"हाडं असतात ना. हाड म्हणजे दगड नव्हे. जुनं हाड विरघळवणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी (शरीराचे अगदी सूक्ष्म जिवंत घटक) त्यात सतत राबत असतात. पायांवर भार पडला की बांधणाऱ्या पेशींना निरोप जातो, कामाला लागा. भारच नसेल, तर विरघळवणाऱ्यांचं काम तेवढं जोरात चालू राहतं. स्नायूंचंही तेच. हृदयसुद्धा स्नायूच, चाललो नाही की तेही सुस्तावतं. आणि तोल सांभाळायची सवय मेंदू विसरायला लागतो."

"म्हणजे तू म्हातारी झालीच नाहीस?"

"झालेय की. व्यायामाने वय थांबत नाही. पण मी ज्याला वय समजत होते, त्यातलं बरंचसं नुसतं बसून राहणं होतं. आणि ते भरून काढता येतं, या वयातही. हळूहळू, पण रोज."

आजीने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि जोर लावला. मऊ हात लगेच खांद्यावर आला. आजीने आणखी जोर केला. हातही आणखी दाबला गेला. आजूबाजूच्या खुर्च्या एकेक करून तिच्याकडे वळल्या. आजीचे पाय लटपटायला लागले. शलाका धावली आणि म्हणाली, "तू बस गं, मी देते ना!"

त्याच क्षणी खुर्चीही तेच म्हणाली. तेच शब्द, तोच सूर.

शलाका जागच्या जागी थिजली. खुर्ची दुष्ट नव्हती. प्रेमाने वागायचं म्हणजे मोठ्यांना उठू द्यायचं नाही, हे ती शलाकाच्याच घरात शिकली होती.

"ऐक," शलाका खुर्चीला म्हणाली. "मी घरचीच आहे. आजीला उठू दे. पडायला लागली तरच धर."

"मोठ्यांना त्रास द्यायचा नसतो," आईचा आवाज रडवेला झाला.

"हा त्रास तिला हवाय."

मग तो मऊ हात हळूहळू मागे गेला.

आजी उठली. तिचे गुडघे थरथरत होते, कपाळावर घाम आला होता. शलाकाने आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. मदत न करणं इतकं अवघड असतं, हे तिला माहीत नव्हतं. दोन श्वास आजी उभी राहिली आणि धपकन बसली.

यान आजीला न घेताच निघालं. शलाका वाटभर रडली.

पण आजीने जाकीट पुन्हा अंगात चढवलं. रोज थोडं उठणं, थोडं चालणं, कळशी उचलणं. दुखलं तर एखाद्या दिवशी कमी, पण खाडा नाही. पाहता पाहता इतरांनीही घरी निरोप धाडले, घरच्यांनी खुर्च्यांना नव्याने शिकवलं आणि दालनातले आवाज बदलले. "बाबा, चला, एक चक्कर मारता ना?" जगताप आजोबांची खुर्ची एकदाची दुरुस्त झाली. तिच्यावर ते कपडे वाळत घालतात.

वर्षाने दुसरं यान पृथ्वीवर उतरलं. दार उघडलं. आजी एकेक पायरी उतरत खाली आली आणि धापा टाकत उभी राहिली. तिला न्यायला आलेली शलाका शेजारी होती, पण तिने हात पुढे केला नाही.

"फार जड वाटतंय गं सगळं," आजी म्हणाली.

"बसतेस का?"

"अजून नाही. हाडांना कळू दे, मी घरी आलेय ते."