वेस्टाच्या बाजूचं दार

ऑक्टोबरातल्या एका लख्ख सकाळी व्हर्लिन हाउगेन ट्रकचं दार आणायला निघाला, तेव्हा त्यानं बायकोलाही बरोबर घेतलं. आर्डिसला घरी एकटीला ठेवायचे दिवस आता संपले होते. ती शेगडी पेटवून विसरायची, अनवाणीच मक्याच्या शेतात चालू लागायची. गेल्या उन्हाळ्यापासून तर नवऱ्याकडे बघून, कुणी शेजारी मदतीला आलाय अशा समजुतीनं, मान लववून हसायची. त्या हसण्याची व्हर्लिनला धास्ती बसली होती. ती चिडली असती, ओरडली असती तरी त्यानं सोसलं असतं. पण आपलीच बायको आपले आभार मानते, याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

दार हवं होतं ते त्रेपन्न सालच्या शेव्हरोले पिकअपसाठी. व्हर्लिनच्या बापाचा ट्रक. तरुणपणी व्हर्लिन याच ट्रकातून आर्डिसला शनिवारी नाचायला न्यायचा, आणि याच्याच लांबट सीटवर, उजव्या दाराला टेकून, तिनं त्याला लग्नाचा होकार दिला होता. पुढे तो कोठारात पडून राहिला, कोंबड्यांनी त्यात संसार थाटले. काम सुटल्यावर व्हर्लिननं तो बाहेर काढला आणि जुन्या ट्रकवाल्यांच्या मंडळात नाव घातलं. आमच्या दक्षिण डाकोटात ही वेडी जमात गावोगाव आहे. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असती तरी चाललं असतं, पण ही गंजकी सवत नको, असं त्यांच्या बायका उघड म्हणतात.

व्हर्लिनचा जीव मात्र हौसेपायी नव्हता अडकलेला. मंडळातल्या कर्ट पाव्हलिकनं त्याला एक गोष्ट सांगितली होती. कर्टच्या म्हाताऱ्या बापाला स्वतःचं नावही आठवत नव्हतं, पण त्याचा जुना ट्रक दारात आणून इंजिन फिरवल्यावर तो खुर्चीतून गरजला, "चोक ओढ की रे, गाढवा!" तेव्हापासून व्हर्लिनच्या डोक्यात एकच होतं. ट्रक पूर्वीसारखा करायचा, आर्डिसला तिच्या जागी बसवायचं, आणि तिनं एकदा, फक्त एकदा, आपल्याला नावानं हाक मारायची.

उजव्या दाराचा खालचा भाग गंजून पार चाळण झाला होता.

"कापतो आणि नवा पत्रा जोडतो. दुपारपर्यंत दार तयार," कर्ट म्हणाला होता.

"नको. कारखान्यातून आलेलाच पत्रा हवा. सगळं जसंच्या तसं."

"लेका, आर्डिस तुला ओळखत नाही, ती पत्रा काय ओळखणार!" कर्ट बोलून गेला आणि मग त्यानंच जीभ चावली. "माफ कर. एल्मर टोलेफसनकडे बघ. त्याच्या झाडीत तसलाच एक उभा आहे."

एल्मर टोलेफसन नव्वदीला टेकलेला एकटा माणूस. त्याच्या घरामागे वारा अडवायला लावलेली झाडी होती, आणि त्या झाडीत, आसपासच्या शेतांवर मेलेले ट्रक कित्येक वर्षं आणून उभे केले जात होते. एल्मर कुणाला नाही म्हणायचा नाही. गवत त्यांच्या खिडक्यांपर्यंत चढलं होतं. काहींच्या टपावरून झाडाच्या फांद्या गेल्या होत्या.

त्रेपन्न सालचा पिकअप सगळ्यात आत होता. एल्मर काठी टेकत तिथवर आला आणि थांबला.

"माझा आहे हा," तो म्हणाला. "दार ने. पण ते वेस्टाच्या बाजूचं आहे एवढं ध्यानात ठेव."

"तुमची बायको?"

"वादळात अडकलो होतो. बर्फानं रस्ता दिसेना, आणि तिच्या छातीत दुखत होतं. मी तिला म्हटलं, ट्रॅक्टर घेऊन येतो, मी येईपर्यंत दार उघडू नको." एल्मरनं काठीनं गवत बाजूला सारलं. "आलो तोवर ती गेलेली. तिला माझ्या बाजूनं बाहेर काढली. हे दार काही मला उघडवलं नाही. आजतागायत नाही."

"मग राहू दे, एल्मर. मी दुसरीकडे बघतो."

"ने रे बाबा. मी किती दिवसांचा आता? तुझ्या बायकोला तरी उपयोग होऊ दे." एवढं बोलून तो पाठ फिरवून घराकडे गेला. त्याला बघायचं नव्हतं.

व्हर्लिननं खटक्यात तेल सोडलं, थोडं थांबला आणि दार ओढलं. ते सहज उघडलं. आतली हवा त्याच्या मनगटांवर आली, ती तळघरातल्या हवेहून गार होती. ओल्या लोकरीचा वासही होता. बाहेर तर सदरा काढून काम करावं असं ऊन पडलं होतं. जुन्या गाड्यांत वास असायचेच, म्हणून त्यानं फारसं मनावर घेतलं नाही.

या ट्रकवाल्यांचा एक नियम आहे. मेलेल्या ट्रकातून काही काढलं, तर त्याला उघडं टाकून जायचं नाही. आपला मोडका भाग त्या जागी बसवायचा, म्हणजे उंदीर आणि बर्फ आत शिरत नाहीत, आणि उरलेला ट्रक पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो. व्हर्लिन नियमाचा पक्का. त्यानं आर्डिसचं गंजलेलं दार बरोबर आणलंच होतं. ते वेस्टाच्या जागी बसवलं, काच वर चढवली, दार लावून घेतलं. आर्डिस त्यांच्या रोजच्या गाडीत बसून होती. दार लागल्याचा आवाज झाला तशी तिनं मान वर केली, आणि मग तिची नजर कुठेच ठरेना. घरी परतताना ती उपकाराचं ते हसूसुद्धा हसली नाही.

त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. भरवलं तर खायची, बसवलं तर बसायची. आजार पुढे सरकला, असं डॉक्टर म्हणाले. व्हर्लिननं कामाचा सपाटा लावला. कर्ट येऊन दाराच्या बिजागऱ्या जुळवून गेला. "बसलं बघ, जणू इथलंच आहे," तो म्हणाला, आणि जाताना हात चोळत पुटपुटला, "या दारापाशी गारठा कसला रे?"

रविवारी जेवणं झाल्यावर व्हर्लिननं आर्डिसला तिचा निळा स्वेटर घातला, उजव्या बाजूला बसवलं आणि दार लावलं. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. तोच आवाज, तीच थरथर. आर्डिस काही बोलली नाही, म्हणून तो गावाबाहेरच्या रस्त्याला लागला. कापलेल्या मक्याची खुंटं दोन्हीकडे पसरली होती, ऊन सरळ काचेतून आत येत होतं.

"पाय गारठलेत," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिनला इतका आनंद झाला की रस्ता धूसर दिसू लागला. "हीटर लावू? थांब हं, लावतो. आर्डिस, हा ट्रक ओळखलास?"

"आवाज येतोय का ट्रॅक्टरचा?"

"कुठला ट्रॅक्टर?"

"तो येणार आहे घेऊन..." आवाज आर्डिसचाच होता, पण शब्द उच्चारायची ढब वेगळी होती, सावकाश, जुन्या नॉर्वेजियन घरातल्यासारखी. तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही थांबलात, बरं केलंत. पण मी इथंच बसते. तो म्हणालाय, दार उघडू नको."

व्हर्लिननं ट्रक कडेला घेतला. तिच्या बाजूची काच आतून धुकटली होती. त्याच्या बाजूची काच कोरडी, स्वच्छ होती. त्यानं तिचा हात धरला आणि दचकून सोडला. हात बर्फासारखा होता. नखं निळी पडत चालली होती.

तो उतरून पलीकडे गेला, दार ओढू लागला. आतून तिनं खटका दोन्ही हातांनी दाबून धरला होता. या हातांना गेलं वर्षभर चमचा धरवत नव्हता. मग तो आपल्या बाजूनं आत चढला आणि तिला कमरेला धरून ओढू लागला, तेव्हा ती रागावली नाही, नुसती गयावया करू लागली.

"नका हो... त्याला सापडायची नाही मी... नका..."

तिचे दात वाजत होते. श्वासाची वाफ निघत होती, आणि बाहेर लोक गवत कापत होते. व्हर्लिनला उमगलं. ही जी कुणी बसली आहे, ती एकदा अशाच थंडीत गेलेली आहे. तिच्या बरोबर आर्डिसचा देहही जाईल. त्यानं अंगातलं जाकीट काढून तिच्या पायांवर घातलं आणि ट्रक एल्मरच्या शेताकडे पिटाळला. जुन्या ट्रकाला इतकं पळवायचं नसतं, पण त्या दिवशी इंजिनाची पर्वा कुणाला होती!

एल्मर ओसरीवर बसला होता. अंगणात ट्रक शिरताना त्यानं आधी दार पाहिलं, मग काचेमागचं धूसर डोकं पाहिलं. तो काठीशिवाय उठला.

"एल्मर, ती उतरत नाही," व्हर्लिन म्हणाला. "तुमचीच वाट बघतेय. लवकर या, हातापाया पडतो."

म्हातारा खिडकीपाशी आला. काचेवर हात ठेवून उभा राहिला.

"वेस्टा...?"

काचेमागचं डोकं त्याच्याकडे वळलं.

"किती वेळ लावलास," आतून आवाज आला.

"ट्रॅक्टर सुरूच होईना गं." एल्मर काचेला कपाळ टेकवून बोलत होता. "तेल गोठलं होतं. मी लायटरनं गरम केलं. धावलो मी, वेस्टा. पडलो, परत धावलो."

"मला वाटलं, चिडून गेलास."

"चिडेन कशाला, वेडे?"

"मग उघडू का आता?"

"तू नको. मी उघडतो."

त्यानं खटका दाबला आणि दार उघडलं. गार हवेचा एक लोट त्याच्या अंगावरून गेला, त्याचे पांढरे केस हलले. त्यानं हात पुढे केला. ती हात धरून उतरली. दोघं अंगणातून चालत गेली, हळूहळू, तिनं डोकं त्याच्या खांद्याला टेकवलेलं. व्हर्लिननं मान फिरवली. आपल्या बायकोला असं दुसऱ्याच्या खांद्यावर बघताना त्याला मत्सर वाटला, आणि त्या मत्सराची लाजही वाटली. ओसरीच्या पायरीशी तिचे पाय थांबले. एल्मर एकटाच पुढे वर चढला, दार उघडून धरलं, कुणाला तरी आत जाऊ दिलं, आणि मग पायरीवर बसून लहान मुलासारखा रडू लागला.

अंगणात आर्डिस उभी होती. हात उबदार होते. डोळ्यांत काहीच नव्हतं.

"दार तुझंच," एल्मर डोळे पुसत म्हणाला. "आता त्यात कुणी नाही."

"नको. मला माझं गंजकंच हवं," व्हर्लिन म्हणाला. तो आर्डिसला ओसरीवर बसवून हत्यारं घेऊन झाडीत गेला. त्याचं जुनं दार जिथं बसवलं होतं तिथंच होतं. त्याच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं, आणि त्यात तळहाताएवढी जागा कुणीतरी पुसून स्वच्छ केली होती, बाहेर बघायला करतात तशी. व्हर्लिनच्या हातून पाना गवतात पडला, तो शोधायलाही त्याला वेळ लागला. पण दार त्यानं काढलं, वेस्टाचं जागच्या जागी बसवलं आणि नियमाप्रमाणे लावून घेतलं.

परतताना ऊन कलतं झालं होतं. गंजक्या दाराच्या भोकांतून वारा शीळ घालत होता. आर्डिस त्या दाराला टेकून बसली होती, तरुणपणी बसायची तशीच.

"व्हर्लिन," ती म्हणाली.

त्यानं ट्रक रस्त्यातच थांबवला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं. तो कोण, ती कोण, किती वर्षं झाली, सगळं. तिनं त्याच्या गालावरून बोट फिरवलं.

"दाढी नीट करत जा. माझ्यावाचून अगदीच बावळट दिसतोस."

तो हसला आणि रडला, दोन्ही एकदम.  "कुठं होतीस गं?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"झाडीत. काच धूसर होती, तुला बघायला ती पुसावी लागायची." ती शांतपणे सांगत होती, शेजारी जाऊन आल्यासारखी. "एकटी नव्हते मी. बाकीचे ट्रक आहेत ना, सगळ्यांत कुणी ना कुणी बसलंय. चांगली माणसं आहेत रे. मला जपलं त्यांनी. आज वेस्टा उतरली ना, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यांनाही उतरायचंय."

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यांनी तुला विचारायला सांगितलंय. तुझ्या मंडळातल्या लोकांना आणखी दारं लागतील का?"

व्हर्लिननं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"सांग ना लवकर," आर्डिस म्हणाली. "उत्तर घेऊन मला परत त्यांच्याकडे जायचंय."