साखराबाईची लेक

धनश्री केजला औषधाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढं करायचं, तिच्याकडं निरखून बघायचं आणि विचारायचं, "म्हंजी बंकट-साखराबाईची पोरगी का तुमी? मग म्हना की एखादी ओवी."

धनगरी ओव्यांसाठी त्या नवराबायकोचं नाव साऱ्या मराठवाड्यात होतं. बंकटचा ढोल आणि साखराबाईचा गळा. लहानपणी धनश्री एकदाच माइकसमोर उभी राहिली. साखराबाईनं दुसऱ्याच ओळीला माइक हिसकावला आणि भरल्या जत्रेत म्हणाली, "ही माझी न्हाई. दवाखान्यात बदलली." लोक पोट धरून हसले. पुढं धनश्री कधी गुणगुणलीसुद्धा नाही. स्वतःच्या लेकीला, आरोहीला निजवतानाही नाही.

आधी बंकट गेला, मग साखराबाई. तिच्या वर्षश्राद्धाला धारूरजवळच्या वाडीत कार्यक्रम ठेवला होता. आरोहीला शेजारी शिवकन्याकाकूंकडं सोडून धनश्री एकटीच गेली. भर दुपार. डोंगरावरचं गवत वाळून पांढरं पडलेलं, मंडपात माणसांची दाटी, घामाचा आणि मेंढरांचा वास. साखराबाईच्या भावानं, भागवतमामानं, तिच्या हातात माइक कोंबला.

"मामा, मला येत न्हाई. तुमाला ठावं हाय."

"मग लोक कशाला आलेत? तुजं तोंड बघाया?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बदललेली हाय बे ती!" हशा पिकला.

धनश्री एक पाऊल पुढं सरली. माइक तोंडाशी धरून ती एकेक शब्द तोडत म्हणाली, "मी गाणार न्हाई. तिचं नाव माज्यापुढं पुन्हा काढू नका."

हशा थांबला. माना डोलू लागल्या. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

थट्टा करतायत, धनश्रीला वाटलं. "ऐकू येतं का? गाणार न्हाई मी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामा रडत होता. "साखराच," तो म्हणाला. "लई दिसांनी ऐकला तिचा गळा."

"मामा, मी बोलतीय. गात न्हाई."

मामानं डोळे मिटले. "तीच ओळ. पुन्हा म्हन."

माइक टाकून ती सडकेवर पळाली. उभ्या जीपशी वाकून म्हणाली, "केज?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आतली माणसं गप्प झाली.

"थांबू नका, ताई," तो हळूच म्हणाला. "म्हना."

तिनं नुसता हातानं रस्ता दाखवला आणि आत बसली. केज येईपर्यंत ती ओठ दाबून होती. एकाचीही नजर तिच्या तोंडावरून हलली नाही.

घरी आल्यावर तिनं आरोहीला आत घेतलं, दाराला कडी लावली आणि तिच्यापुढं गुडघे टेकले.

"बाळा, मी काय बोलतीय, कळतं का तुला?"

आरोही भिंतीपर्यंत मागं सरली.

"आजी," ती म्हणाली, "आईला बोलू दे की."

धनश्रीनं ओठ गच्च मिटले. श्वासही रोखून धरला.

आरोही हळूहळू जवळ आली. आईच्या मिटलेल्या तोंडावर तिनं तळहात ठेवला. जरा वेळ ऐकत राहिली. मग दुसराही हात त्यावर ठेवला आणि जोरानं दाबला.

"बास ना, आजी."