फ्रिजमधली कुंची

खायला नको, प्यायला नको, श्वाससुद्धा नको. मग हा विषाणू कापडावर बसून जगतो तरी कसा? शाल्मलीला दोन दिवस हाच प्रश्न छळत होता.

सन २०५८ मधली ही गोष्ट. नव्या करोनाची साथ आली आणि दहा वर्षांच्या शाल्मलीची रवानगी साताऱ्याच्या विलगीकरण केंद्रात झाली. ताप पळाला, पण चाचणी काही हट्ट सोडेना. इकडे घरी भाऊ जन्माला आला होता, आणि तिने त्याला अजून मांडीवरही घेतलं नव्हतं. तिला फार एकटं वाटे. रडू आलं की ती लोकर घेऊन बसायची. अशी विणता विणता बाळाची कुंची तयार झाली. उद्या बारसं होतं आणि कुंची पोचायलाच हवी होती.

जेवण आणणारा यंत्रमानव सोनबा आला, तेव्हा तिने ऐटीत फ्रिज उघडला.

"कालपासून इथे ठेवलीय. विषाणू गारठून मेला असेल. आता घरी देऊन ये."

"शहाणे, तू तर त्याची बडदास्त ठेवलीस," सोनबा म्हणाला. "विषाणू म्हणजे स्वतःच्या नकला कशा काढायच्या याची कृती, आणि तिच्यावर चरबीचं पातळ वेष्टन (आवरण). बाहेर तो जगत नाही, नुसता न बिघडता पडून राहतो. ऊन लागलं, उष्णता वाढली की लवकर बिघडतो. गारव्यात मात्र दुधासारखा जास्त टिकतो."

शाल्मलीचा चेहरा एवढासा झाला. "मग आता?"

"ताटाचं तूप कशाने निघतं?"

तिने मुकाट्याने साबण घेतला. धुतलेली कुंची खिडकीतल्या उन्हात टाकून ती शेजारी बसली.

"सोनबा, हा नवा करोना असाच कुठेतरी पडल्या पडल्या बदलला का रे?"

"छे. पडल्या जागी त्याला काहीच जमत नाही. आपल्या पेशीत (शरीराच्या अगदी लहान घटकात) शिरला, की तो तिला कामाला जुंपतो आणि स्वतःच्या ढीगभर नकला काढून घेतो. नकलताना चुका होतात. त्यांना म्हणतात उत्परिवर्तन. बहुतेक चुका त्यालाच भोवतात किंवा वाया जातात. एखादी मात्र पथ्यावर पडते, आणि मग तोच नवा अवतार सगळीकडे पसरतो."

"म्हणजे जितकी शरीरं मिळतील..."

"तितक्या त्याला संधी."

वाळलेली कुंची सोनबानेच उचलली. शाल्मलीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. कुंची बाळाला अगदी बरोबर बसली होती. मग आई हळूच म्हणाली, "शालू, बाबा केंद्राच्या मागच्या दाराशी गाडी आणतायत. दोन मिनिटं बाळाला बघ आणि परत जा. कुणाला कळणार नाही."

शाल्मलीने चपलासुद्धा घातल्या. बाळाला बघायला तिचा जीव तुटत होता. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आई, कुंची धुता आली. मला आतून कसं धुणार?"

 पलीकडे आईने फोन पाळण्याजवळ धरला. बायका पाळणा म्हणू लागल्या. शाल्मली रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून ऐकत राहिली. डोळे वाहत होते, ते तिने वाहू दिले.

"येईन रे लवकरच," ती फोनला म्हणाली. "आधी या विषाणूला माझ्यातच संपू दे."